आमची मोटार आणि आमचे कान

न्यायशास्त्रांतील चार शब्द आम्हांस कळतात, असा आमचा बरीच वर्षें समज होता. तीस-बत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवितांना अन्वय आणि व्यतिरेक ही जोडी आम्हीं फळ्यावर किती वेळां लिहिली असेल, त्याची गणना नाहीं. एक असतां दुसरें असणें हा अन्वय. एक नसतां दुसरें नसणें हा व्यतिरेक. उदाहरण ठरलेलें, धूर आणि अग्नि. हा धूर फळ्यावरून उतरून एके दिवशीं आमच्याच दारांत मोटारीच्या रूपानें उभा राहील, हें मात्र ध्यानींमनीं नव्हतें.

ही मोटार आम्हीं निवृत्त झाल्यावर जुनीच घेतली. इंजिन पुढें, ओढणारीं चाकें मागें, हातानें बदलावयाचे चार गिअर, अशी ती जुन्या घाटाची आहे. आमच्या सासूबाई वाईस असतात. त्यांचें वय झालेलें. महिन्यांतून एकदां त्यांस भेटून यावयाचें हा सौभाग्यवतींचा नेम. तो सुखानें पार पडावा म्हणूनच सांगलीच्या आमच्या दारांत मोटार आली.

गेल्या पावसाळ्यानंतर असेच वाईस जात असतां तासवड्याच्या टोलनाक्यावर रांगेंत उभे होतों. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, गाडी कशी तरीच खरखरते आहे." आम्हीं कान दिला. इंजिनाच्या घरघरीपलीकडे आम्हांस कांहीं ऐकूं आलें नाहीं, आणि तसें आम्हीं सांगितलें. बहुधा वर्गांत सांगत असूं त्याच स्वरांत. पुढल्या महिन्यांत त्याच नाक्यावर त्या म्हणाल्या, "तुमचा डावा पाय खालीं गेला कीं आवाज थांबतो, वर आला कीं पुन्हां सुरू होतो." आम्हीं हंसलों. तिसऱ्या महिन्यांत त्या एस. टी. नें एकट्या गेल्या.

त्या एस. टी. च्या तिकिटानें जें झालें तें त्यांच्या शब्दांनीं झालें नव्हतें. आम्ही मोटार घेऊन एका गॅरेजांत गेलों. त्याचें नांव येथें नको. आवाजाचा डाव्या पायाशीं संबंध दिसतो एवढें ऐकतांच तेथील गृहस्थांनीं क्लच गेल्याचा निवाडा दिला. नवी प्लेट आली, नवें रिलीज बेअरिंग आलें, आमचे साडेसहा हजार रुपये गेले. मोटार घरीं आणिली तेव्हां सौभाग्यवती दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. "तस्साच आहे," एवढेंच बोलून त्या आंत गेल्या.

शेजाऱ्यांनीं मग एका वृद्ध मिस्त्रींकडे पाठविलें. माधवनगर रस्त्याला त्यांचा पत्र्याचा आडोसा आहे. आम्ही आवाजाचें वर्णन करूं लागलों, म्हणजे ऐकीव वर्णन, तोंच ते म्हणाले, "गुरुजी, आवाज कधीं येतो तें राहूं द्या. कधीं येत नाहीं तें आधीं सांगा."

आम्ही गप्प झालों. व्यतिरेकाची इतकी नेमकी पृच्छा आम्हीं कोणा परीक्षकाच्या तोंडून ऐकिली नव्हती. उत्तर सौभाग्यवतींनीं दिलें: "क्लच दाबला कीं येत नाहीं." मिस्त्री म्हणाले, "काकू, अर्धें काम तुम्हींच केलें."

पुढें त्यांनीं उलगडून सांगितलें तें असें. इंजिनाची फिरकी क्लचमधून गिअरबॉक्सच्या पहिल्या दांड्यावर येते. त्या दांड्याचें दांतेरी चाक खालच्या दुसऱ्या दांड्यास अखंड फिरवीत असतें. मोटार उभी असो, गिअर न्यूट्रलमध्यें असो, इंजिन चालू आहे आणि क्लचवर पाय नाहीं तोंवर हे दोन्ही दांडे फिरणारच. पाय दाबला कीं इंजिनाशीं संबंध तुटतो व ते थांबतात. रिलीज बेअरिंगची रीत याच्या नेमकी उलट. त्याजवर भार येतो तो पाय दाबल्यावर. तें बिघडलें असतें तर पाय दाबतांच आवाज उठला असता. येथें तर तो थांबत होता! म्हणजे पहिल्या गॅरेजवाल्यांनीं जो हेतु दिला, त्यानेंच त्यांच्या सिद्धान्ताच्या विरुद्ध गोष्ट सिद्ध होत होती. यास आमच्या शास्त्रांत विरुद्ध हेत्वाभास म्हणतात. आम्ही तो शिकवीत आलों, आणि त्याच्याच पायीं साडेसहा हजार मोजून आलों.

दोषी पहिला दांडा कीं दुसरा, हें ठरविण्यास मिस्त्रींनीं मोटार रस्त्यावर फिरविली. चौथ्या गिअरांत जोर सरळ पुढें जातो. खालचा दांडा फिरतो खरा, पण त्याजवर भार नसतो. पहिल्या तीन गिअरांत ओरडून चौथ्यांत आवाज मावळता, तर खालच्या दांड्यावर संशय गेला असता. तो चारांतहि राहिला. तेव्हां वरच्या दांड्याचें बेअरिंग. "तरी उघडल्यावर दोन्ही बघणार," ते म्हणाले. अनुमानानंतर प्रत्यक्ष पाहण्याची ही तयारी आम्हांस आवडली.

उघडण्यापूर्वीं त्यांनीं एक गोष्ट केली. मोटार रॅम्पवर चढवून, इंजिन चालू ठेवून, आम्हांस खालीं बोलाविलें. लांब पेचकसाचें टोंक गिअरबॉक्सच्या कवचाला लावलें आणि मूठ आमच्या कानापुढच्या हाडावर टेकविली. आणि आम्हीं ऐकिलें! वाळूवर जातें ओढावें तशी खरखर, आणि तिच्यावर एक बारीक किंचाळी. मिस्त्रींनीं मुलास वर क्लच दाबावयास सांगितलें, शांत. सोडावयास सांगितलें, पुन्हां तेंच. तीन महिने हें सौभाग्यवती ऐकत होत्या.

आम्ही बाहेर येऊन बांकावर बसलों. मिस्त्रींनीं कांहीं विचारलें नाहीं.

काम दुसऱ्या दिवशीं झालें. तेल सोडलें तें निम्म्याहून कमी निघालें, काळें, आणि तळच्या बोल्टच्या चुंबकावर पोलादाच्या चुऱ्याचा लेप. मागचें ऑईल सील झिरपत होतें. इंजिनाचें तेल आम्ही पंचांग पाहून बदलीत होतों; गिअरबॉक्सलाहि तेल लागतें याची आठवण एकदांहि झाली नव्हती. मिस्त्रींच्या मुलानें प्रत्येक भाग काढतांना क्रमवार मोबाइलवर छायाचित्रें घेतलीं. जुनें बेअरिंग धुवून आमच्या हातीं दिलें. बोटानें फिरविलें तर अडखळत फिरे. आंतल्या कड्याच्या खोबणींत पोपडा उडालेली जागा स्पष्ट दिसत होती.

त्यावर कोरलेला अंक ६२०६. पहिला ६ खोल खोबणीच्या एकेरी गोळ्यांच्या जातीचा, २ मालिकेचा, आणि शेवटच्या ०६ ला पांचांनीं गुणिलें कीं आंतल्या भोंकाचा व्यास, ३० मिलिमीटर. बाहेरचा व्यास ६२, रुंदी १६. पुढें सी-३ अशी खूण; म्हणजे गोळ्यांस नेहमीहून अधिक मोकळीक, तापल्यावर धातु फुगतो त्याची सोय. सूत्रकारांसहि हेवा वाटावा असें लाघव! दुकानदार सी-३ वांचूनचें देऊं लागला तेव्हां मिस्त्रींनीं तें परत केलें.

नवें बेअरिंग शेवटच्या घटकेपर्यंत कागदांतून काढिलें नाहीं. धुळीचा एक कण पुरे, म्हणाले. मग गरम तेलांत, सुमारें शंभर अंशांवर, थोडा वेळ ठेविलें व दांड्यावर सरकविलें. उरलें तेवढें नळीच्या तुकड्यानें, केवळ आंतल्या कड्यावर दाब देऊन बसविलें. बाहेरच्या कड्यावर ठोकलें तर घाव गोळ्यांमधून आंत जातो आणि नव्या खोबणींत पहिल्याच दिवशीं खळगे पडतात. खालच्या दांड्याचीं बेअरिंगें निर्दोष निघालीं. नवें सील, नवें पॅकिंग, आणि पितळी कड्यांस बाधणार नाहीं असें जी-एल-४ प्रतीचें तेल.

संध्याकाळीं इंजिन सुरू केलें. आम्हीं सौभाग्यवतींकडे पाहिलें. "गेला," त्या म्हणाल्या. आमच्या कानांस मात्र कालच्यासारखेंच वाटत होतें.

वाढत्या वयांत आधीं जातात ते बारीक, उंच स्वर. ढोबळ स्वर राहतात, म्हणून मनुष्यास आपण ऐकतों असेंच वाटतें. हल्लीं नात पुटपुटते, दूरध्वनीवर लोक तोंडांतल्या तोंडांत बोलतात, अशी आमची तक्रार असे. नात मोठ्यानें बोलली कीं ऐकूं येई, आजीला मात्र ती हळू बोललेलेंहि ऐकूं येई. येथेंहि कोणी तरी कधीं येत नाहीं तें विचारावयास हवें होतें.

त्या महिन्यांत वाईस दोघेंहि मोटारीनें गेलों. नाक्यावर सौभाग्यवती डोळे मिटून बसल्या होत्या. आम्ही निर्धास्तपणें न्यूट्रलवर पाय काढून उभे. कांहीं वेळानें त्या डोळे न उघडतां म्हणाल्या, "अहो, वळणाचा दिवा मघांपासून टिकटिक करतो आहे."

आम्हीं तो बंद केला. मंगळवारीं मिरजेस कानांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.