रोज एक गोळी

सलाईन लावलं की घरच्यांना आजार मोठा वाटतो. गोळी लिहून दिली की वाटतं, चला, थोडक्यात निभावलं! आमच्या वहिनींचं तसंच झालं. फुफ्फुसाचा कर्करोग, तोही पसरलेला, आणि उपचार काय, तर रोज एक गोळी. लोणीत भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "एवढंच ना!"

वहिनींनी उभ्या जन्मात तंबाखू-मिश्रीला हात लावलेला नाही. (चुलीपुढे मात्र अर्धं आयुष्य गेलं.) पुण्याला तुकडा काढून तपासला, तेव्हा पेशींतल्या ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला. हा बदल झाला की पेशीला 'वाढ, वाढ' असा हुकूम सारखा मिळत राहतो. जेफिटिनिब ही गोळी तो हुकूम अडवते. ज्याच्या गाठीत हा बदल नाही, त्याला ही गोळी देण्यात अर्थ नाही.

डोस २५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. थोरल्या पुतण्याचा पहिला प्रश्न, "दोन घेतल्या तर लवकर गुण येईल का?" गंमत म्हणजे हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. सुरुवातीच्या चाचण्यांत २५० आणि ५०० मिलिग्रॅम दोन्ही देऊन पाहिलं. दुपटीने फायदा वाढला नाही, त्रास तेवढा वाढला.

एखाद्या दिवशी विसरली तर? पुढच्या गोळीला बारा तासांहून जास्त अवकाश असेल तर आठवताक्षणी घ्यायची, नाहीतर ती सोडून द्यायची. दुसऱ्या दिवशी दोन मिळून घ्यायच्या नाहीत. मी जुन्या सवयीने हजेरीपत्रकासारखी वही आखून दिली. वहिनी रोज सकाळी स्वतः खूण करतात. एकादशीला त्या अडून बसल्या, "भावजी, उपवासाला गोळी नको." ही गोळी उपाशीपोटीही चालते, असं डॉक्टरांकडूनच फोनवर वदवून घेतलं, तेव्हा कुठे घेतली. याच जातीची एर्लोटिनिब मात्र रिकाम्या पोटीच घ्यावी लागते, म्हणून शेजाऱ्याचा नियम आपल्याला लावू नये. गिळता येत नसेल तर जेफिटिनिब अर्धा ग्लास साध्या पाण्यात टाकून, न कुटता, विरघळू द्यायची. पंधरा-वीस मिनिटं लागतात. मग लगेच प्यायची, ग्लास विसळून तेही पाणी प्यायचं.

खरी गोष्ट पुढे आहे. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?" वहिनी म्हणाल्या, "कोणत्याच नाहीत." आणि त्या खोटं बोलत नव्हत्या! सकाळी चहाआधीची पित्ताची गोळी आपल्याकडे औषधात धरतच नाहीत. पण पोटातलं आम्ल कमी झालं की जेफिटिनिब नीट शोषली जात नाही. एका अभ्यासात तर रक्तात उतरणारं औषध जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. म्हणजे महागाची गोळी घ्यायची आणि निम्मी वाया घालवायची. डॉक्टरांनी पित्ताची गोळी बंद करून दुसरी सोय लावून दिली. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिनही या गोळीचा असर घटवतं. आपल्याकडे क्षय काही परका नाही, तेव्हा हेही डॉक्टरांना सांगायला हवं. काढे, चूर्ण, गावठी औषधं, सगळं त्यांच्यापुढे मांडावं. यकृताची तपासणी अधूनमधून होते ती उगाच नाही.

मग चेहऱ्यावर पुरळ उठलं. बायका म्हणाल्या, "गोळी उष्ण पडली, चार दिवस बंद ठेवा." पुरळ आणि जुलाब हे या गोळीचे ठरलेले त्रास. त्वचेच्या पेशींनाही तोच हुकूम लागतो, तो अडल्यामुळे पुरळ येतं. त्यावर मलम आहे, जुलाबावर औषध आहे, पण गोळी थांबवायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. एका गोष्टीला मात्र थांबायला वेळ नाही. अचानक दम लागला, कोरडा खोकला वाढला, ताप आला, तर त्याच दिवशी गाडी काढायची. जपानने २००२ च्या जुलैत या औषधाला मान्यता दिली आणि ऑक्टोबरमध्येच फुफ्फुसाला येणाऱ्या जीवघेण्या सुजेचा तातडीचा इशारा द्यावा लागला.

आणि एवढं करून किती दिवस? मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१६ ते २०१८ मध्ये असा बदल असलेले ३५० रुग्ण घेऊन चाचणी केली. नुसत्या जेफिटिनिबवर आजार सरासरी आठ महिने आटोक्यात राहिला, सोबत केमोथेरपी दिली तर सोळा महिने. पण गंभीर त्रासही दुप्पट, २५ टक्क्यांवरून ५१ टक्के. वहिनींच्या तब्येतीला केमो झेपणार नाही, असं ठरलं. ओसिमर्टिनिब ही नवी गोळी (८० मिलिग्रॅम, तीही रोज एकच) सरस आहे, पण तिची किंमत ऐकून पुतण्या गप्प बसला. असो. वहिनींचा आता अकरावा महिना चालू आहे.

परवा खालच्या वस्तीवरचा एकजण आला. वडिलांनाही फुफ्फुसाचाच आजार, तपासणीला पैसे नाहीत, "काकू, एक पाकीट उसनं द्या, पुढच्या महिन्यात फेडतो." वहिनींनी चहा दिला, पाकीट नाही दिलं. तपासणीची अर्धी रक्कम मात्र पुतण्याकडून देवविली. नमुना पुण्याला गेला आहे, रिपोर्ट अजून यायचा आहे.