बाटलीची मागची बाजू

महिनाअखेर, आणि कंडिशनर संपलेला. दोनशेच्या आत बसणारा हवा आणि त्यात सिलिकोन नको, एवढंच ठरवून दुकानात गेले. बाटल्यांवर समोर नारळ, कोरफड, आर्गनची चित्रं. खरा मजकूर मागे, इतका बारीक की मोबाइलवर फोटो काढून मोठा करावा लागला. डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्सेन. ‘कोन’ किंवा ‘सिलोक्सेन’ने संपणारं नाव दिसलं की बाटली परत फळीवर. ‘सल्फेट नाही, पॅराबेन नाही’ असं ठळक मिरवणाऱ्या एकीत डायमेथिकोन घटकांच्या यादीत चौथं होतं!

सिलिकोन म्हणजे विष नव्हे, उगाच घाबरवू नये. त्याचा पातळ थर केसावर बसतो, गुंता सुटतो, चकाकी येते. पण डायमेथिकोन पाण्यात विरघळत नाही. ते उतरवायला कडक शाम्पू लागतो आणि माझ्या कुरळ्या केसांना नेमका तोच सोसत नाही. सौम्य शाम्पूवर भागवलं की थर साचत जातो, केस मेणचट होऊन लोंबतात.

सिटीअरिल अल्कोहोल मात्र चालतं. ते मेदयुक्त, केस मऊ करणारं. बेहेनट्रायमोनियम क्लोराइडही हवंच. त्याचा धनभार केसाच्या ऋणभाराला धरून बसतो, गुंता तोच सोडवतो. ही दोन यादीत वर असली की स्वस्तातलंही पुरतं. आर्गन तेल सुगंधाच्याही खाली असेल, तर ते चित्रापुरतंच समजावं.

एकशे साठचा, पांढराफेक, दवाखान्यासारख्या वासाचा घेतला. आई म्हणाली, ‘‘शिकेकाई भिजवायची होतीस.’’ भिजवते की! ऑफिसला लवकर निघायचं नसेल त्या दिवशी.