कपिलधारेचं पाणी समुद्राचं काय लागतं

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात पाली येतं आणि पालीला बिंदुसरेचा तलाव. सांडव्यावरून चादर पडायला लागली की अर्धं बीड ती पाहायला लोटतं. मी गेलो त्या श्रावणात चादर नुकतीच सुरू झाली होती. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "एवढं पाणी वाया चाललं बघा समुद्राला." मराठवाड्यात पुराच्या काठावर उभं राहिलं की हे हमखास ऐकू येतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आणि 2016 साली शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी येताना पाहिलेल्या माणसांना तसं वाटणारच. मात्र हे वाक्य माझ्याबरोबर मांजरसुंब्याचा घाट चढलं आणि दिवसभर पाठ सोडेना.

घाटात दोन्ही बाजूंना सीताफळीची झुडपं. एरवी करडे दिसणारे बालाघाटचे डोंगर या दिवसांत अंगभर हिरवे होतात. हमरस्ता सोडून कपिलधारच्या फाट्यानं आत वळलं की उतार लागतो आणि पाण्याचा आवाज आधी कानावर येतो. इथे मन्मथस्वामींची संजीवन समाधी आहे. वीरशैव परंपरेतले हे सोळाव्या शतकातले संतकवी, 'परमरहस्य' ग्रंथाचे कर्ते. कार्तिकी पौर्णिमेला महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातून पायी दिंड्या येतात, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. श्रावणातली गर्दी वेगळी: शेजारच्या गावांतली माणसं, दर्शन झालं की मुलांना घेऊन धबधब्याकडे निघालेली.

धारेजवळ गेलो आणि आधी कातळ पाहिला. दख्खनचा काळा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. जिथे पाणी सतत मुरतं तिथे तो काळा राहत नाही, तांबूस होतो आणि कांद्यासारखे त्याचे पापुद्रे सुटतात. बोटानं खरवडलं तर हाताला मुरूम लागतो. याच झिजेतून खालच्या शिवारातली काळी माती झाली. पावसाचं पाणी हवेतून, त्याहूनही जास्त मातीतून, कार्बन डायऑक्साइड उचलतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. ते पाणी कातळातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका सोडवून घेतं. लोह बहुतेक गाळाच्या कणांना चिकटून जातं. बेसाल्ट हे काम ग्रॅनाइटपेक्षा पुष्कळ लवकर होऊ देतो. म्हणजे समोर पडणारी धार दिसायला नितळ असली तरी रिकामी नव्हती.

बेलपानं विकत बसलेल्या एका आजींना विचारलं, "मावशी, हे पाणी पुढं कुठं जातं?"

"जाईल कुठं बाबा, खाली नदीला. नदी गंगेला मिळती."

"आणि गंगा?"

"गंगामाय समिंदराला. तिला जायचंच असतंय."

त्यांची गंगा म्हणजे गोदावरी. या घाटमाथ्यावर पाऊस कुठेही पडो, उत्तरेला उतरला तर सिंदफणेच्या खोऱ्यातून मांजरथला गोदावरीत जातो आणि दक्षिणेला उतरला तर मांजरेतून कंदकुर्तीला. दोन्ही वाटा शेवटी बंगालच्या उपसागरालाच जातात.

कातळ झिजवून त्यातला ऐवज समुद्राला पोचवण्याचं हेच काम ग्रीनलंडमध्ये बर्फ करतो. हिमनदी सरकताना तळाचा खडक इतका बारीक दळते की वितळलेलं पाणी दुधाळ होऊन बाहेर पडतं. त्या पिठात लोहाचे सूक्ष्म कण असतात, सिलिका असते. जिथे हिमनदीचं तोंड थेट समुद्रात बुडालेलं असतं, तिथे आणखी एक गोष्ट घडते. वितळलेलं गोडं पाणी बर्फाच्या तळाशी, खोल समुद्रात बाहेर पडतं, खाऱ्या पाण्याहून हलकं म्हणून उसळून वर येतं आणि येताना खोल थरातलं नायट्रेट वर ओढून आणतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती पोसल्या जातात आणि त्यांच्यावर मासे. हिमनद्या मागे हटून जमिनीवर गेल्या की हा उपसा थांबतो. म्हणून बर्फ जास्त वितळला म्हणजे समुद्राला जास्त खाणं मिळालं, असा सरळ हिशेब तिथे चालत नाही.

तो हिशेब किती अवघड आहे, हे गोव्याच्या शास्त्रज्ञांनी अनुभवलं आहे. 2009 साली दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून 'लोहाफेक्स' प्रयोग केला. पोलरस्टर्न जहाजावरून दक्षिण अटलांटिकच्या सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यात फेरस सल्फेट सोडलं. तिथे लोह कमी, तेव्हा ते दिलं की वनस्पती फोफावतील आणि हवेतला कार्बन घेऊन तळाशी जातील, अशी अपेक्षा होती. थोड्या फोफावल्याही. पण काचेसारखं सिलिकेचं कवच बांधणारे डायटम काही वाढले नाहीत, कारण त्या पाण्यात सिलिकाच उरलेली नव्हती. बाकीच्या वनस्पती इवल्याशा प्राण्यांनी फस्त केल्या. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा हे डायटम करतात. लोखंड जहाजात भरून नेता येतं, पण समुद्रात नव्यानं भर पडणारी सिलिका मुख्यतः नद्याच आणतात. कपिलधारेसारख्या धारा आणतात. हे वाचलं होतं तेव्हा ती एक माहिती होती, त्या ओल्या कातळाला हात लावल्यावर मी ते मनापासून मानलं.

आणि बर्फही आपल्याला अगदी परका नाही. चंद्रपूरजवळ इरईला पैनगंगेच्या चुनखडकावर हिमनदीनं ओढलेले ओरखडे आहेत. एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिक फेडन यांनी ते नोंदवले. साधारण तीस कोटी वर्षांपूर्वी आजच्या गोदावरी खोऱ्याच्या त्या भागावर बर्फ होता आणि खडक दळत होता.

दुपारी घाट उतरून माजलगावची वाट धरली. सिंदफणेवरचं माजलगाव धरण पसरलेलं, संथ, चहूकडे उसाचे फड. धरणात गाळ बसतो हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, पण विरघळलेली सिलिकाही अडकते. संथ पाण्यात डायटम तिथेच वाढतात, मरतात आणि कवचांसह तळाशी बसतात. शेतातल्या खतांचं नायट्रोजन मात्र वाहत पुढे जातं. समुद्राच्या ताटातला एक पदार्थ वाढत जातो आणि दुसरा कमी होतो. माजलगाव हे एकटं धरण नव्हे. पुढे विष्णुपुरी, बाभळी, श्रीरामसागर, शेवटी दौलेश्वरम. गोदावरीचा गाळ 1970च्या दशकात वर्षाला सुमारे 15 कोटी टन होता, 1990च्या दशकात तो सहा कोटींच्याही खाली आला.

मांजरथला पोचलो तेव्हा संगमावर दोन्ही नद्यांचं पाणी गढूळ होतं. या पाण्याची वाटणी 1980 साली गोदावरी जलतंटा लवादानं केली. त्यात राज्यं पक्षकार होती, समुद्र नव्हता. बीडच्या माणसाचं पाणी काढून माशांना द्या, असं म्हणण्याची माझी हिंमत नाही आणि तसं मला वाटतही नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावं याच जिल्ह्यात आहेत. मात्र पावसाळ्याच्या चार महिन्यांत, धरणं भरल्यावरही जे पाणी वाहतं, त्याला वाया गेलेलं समजून आणखी भिंतींचे आराखडे काढले जातात, तेव्हा त्या हिशेबात गोदावरीच्या मुखाजवळच्या काकीनाड्याच्या कोळ्याची जाळी आणि गाळाअभावी झिजणारा तिचा त्रिभुज प्रदेश धरायलाच हवा. पुढच्या भाद्रपदात, नदी भरून असताना, मी दौलेश्वरमहून खाली काकीनाड्यापर्यंत जाणार आहे. तिथल्या कोळ्यांना पुराच्या सालात आणि कोरड्या सालात मासळी कशी लागते, हे विचारायचं आहे.