दोन डोळ्यांचे कोल्हापूर

कोल्हापूरला येणारा पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर भेळ खातो, जमल्यास पन्हाळा-जोतिबा उरकतो आणि चपलांचा जोड पिशवीत घालून परतीच्या गाडीत बसतो. खरी कॉर्नरला एका कॅमेऱ्याचे स्मारक उभे आहे, तिकडे त्याला सहसा कोणी नेत नाही. देवाची आणि पुढाऱ्यांची स्मारके गावोगावी असतात. यंत्राचे स्मारक उभारणारे गाव विरळा!

आनंदराव आणि बाबूराव हे नात्याने भाऊ. नाटकांचे पडदे रंगवीत म्हणून पुढे 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. सिनेमा काढायचा तर त्याचा कॅमेरा आपणच घडवायचा, हा त्यांचा ध्यास. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी घेऊन 1918 मध्ये तो कॅमेरा पुरा केला आणि 1920 साली 'सैरंध्री' लोकांपुढे आला. अशा गावात दोन जुने कॅमेरे एका पट्टीवर बसवण्याचा खटाटोप म्हणजे काही पराक्रम नव्हे. तरी तो मी केला, आणि त्यामुळे गाव नव्याने पाहिले.

लहानपणी व्ह्यू-मास्टर डोळ्यांना लावून खटका दाबलेला ज्यांना आठवतो, त्यांना ही गंमत सांगायला नको. आपले दोन डोळे सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतरावर असतात. दोघांना दिसणारी चित्रे किंचित वेगळी. त्या वेगळेपणातून मेंदू खोली ओळखतो. व्हीटस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने हे 1838 मध्ये मांडले. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात भिंगाच्या पेटीतून अशी जोडचित्रे पाहायला मिळाली आणि मग घरोघरच्या दिवाणखान्यात ती पेटी जाऊन बसली.

खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात उभे राहा. वर छताला मोठे गोल मोकळे भगदाड आहे, त्यातून आभाळ दिसते. साध्या छायाचित्रात ते पांढऱ्या थाळीसारखे छताला चिकटते. जोडचित्रात मात्र ते भगदाडच असते, आणि खालचे खांब एकामागे एक सुटे होतात. पण यासाठी दोन कॅमेरे लागतच नाहीत. देऊळ कुठे पळून जात नाही. एक चित्र घ्यावे, कॅमेरा हातभर नव्हे, चार बोटे बाजूला सरकवावा आणि दुसरे घ्यावे. पैसे वाचवू पाहणाऱ्यांनी इथेच थांबावे!

अडते ते हलणाऱ्या वस्तूंपाशी, आणि मला हव्या होत्या कुस्त्या. दोन्ही चित्रे एकाच क्षणी घ्यायला हवीत. त्यासाठी एकाच बनावटीचे दोन वापरलेले कॅनन पॉवरशॉट घेतले, दोन्ही मिळून साडेतीन हजारांत. त्यांच्या कार्डावर 'स्टिरिओडेटा मेकर' नावाची फुकटची आज्ञावली घालता येते. मग एका वायरीच्या दोन फाट्या करून, बटण आणि लहानशी बॅटरी लावली की दोन्ही कॅमेरे बरोबरच डोळा मिटतात.

पट्टीसाठी शिवाजी उद्यमनगरात गेलो. माझ्या कागदावरच्या नकाशाकडे कारागिराने क्षणभर पाहिले.

"सर, ह्येला लेथ कशाला? ॲल्युमिनियमची पट्टी हाय की. दोन लांबट भोकं पाडतो, पाव इंची इस्क्रू बसवा. मागंपुढं सरकवायला बरं."

भोके लांबट असावीत हे मला सुचले नव्हते, त्याला न विचारता सुचले. त्यानेच खाली रबराची चकती घालायला सांगितली, म्हणजे कॅमेरा फिरत नाही. कारण एक कॅमेरा जरा वाकडा झाला की चित्र पाहणाऱ्याचे कपाळ दुखू लागते. रंकाळ्याच्या काठावर तिपाई रोवून पलीकडच्या शालिनी पॅलेसच्या मनोऱ्यावर दोघांचा नेम धरला. मनोऱ्याचे टोक दोन्ही चित्रांत सारख्या उंचीवर येईपर्यंत कागदाच्या घड्या खाली सारल्या. पाण्याची परीक्षाही तिथेच झाली. दोन चित्रांत क्षणाचा फरक पडला, तर लाटांचा नुसता चकाकता चिवडा होतो.

शेजारी शेजारी बसवलेल्या दोन कॅमेऱ्यांच्या भिंगांत सुमारे दहा सेंटिमीटर अंतर पडते. ढोबळ नियम असा, की त्याच्या तीसपट लांब उभे राहावे. म्हणजे तीन मीटर. तालमीतल्या हौद्याच्या काठावर हे अंतर आपोआपच मिळते.

शाहू महाराजांच्या या गावात तालमींना तोटा नाही. गंगावेशीकडच्या एका तालमीत पहाटे गेलो. ताक, हळद, तेल मुरलेल्या तांबड्या मातीचा वास, आणि वस्ताद भिंतीला टेकून बसलेले. काम ऐकून ते म्हणाले, "फोटूत डाव कळत न्हाई. कुणाचा हात कुणाच्या खालनं गेला, त्यातच डाव असतो." माझ्या सगळ्या खटाटोपाचे कारण त्यांनी एका वाक्यात सांगितले. हात थकले होते, पोरांना अंगावर घेऊन दाखवणे आता त्यांना होत नव्हते. आपले ढाक आणि मोळी कुठेतरी राहावेत, एवढीच इच्छा.

आठवड्याने जोडचित्रे छापून, पुठ्ठ्याची पेटी आणि दोन सारखी भिंगे घेऊन गेलो. वस्तादांनी पेटी डोळ्यांना लावली, बराच वेळ पाहिले आणि खाली ठेवली. त्यांचा उजवा डोळा कधीच गेलेला होता, हे मला तेव्हा कळले. एका डोळ्याला या पेटीत सपाट चित्रच दिसणार.

"मी अंगाला अंग लागलं की ओळखायचो," ते म्हणाले आणि पेटी शेजारच्या पोराकडे दिली. "तू बघ. वरच्याचा डावा हात कुठं हाय?"

"काखेतनं मागं गेलाय, वस्ताद."

"आनि कोपर?"

पोराने पेटी जरा फिरवली. "भाइर हाय. उघडं पडलंय."

"मंग सुटनारच," वस्ताद म्हणाले. "दुसरं काढ."