पाचशे बारा बाइट

परवा कळसहून मामांचा फोन. "अरे, कॉम्प्युटर चालू होईना. काळ्या पडद्यावर एकच ओळ येतीय." ओळ वाचायला सांगितली. एकेक अक्षर जुळवत मामांनी वाचली, 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम'.

हा कॉम्प्युटर 2006 चा, एक्सपीवाला. खरं तर भंगारात जायच्या लायकीचा. पण आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग त्यात आहे. 2007 साली मी मोबाइलवर केलेलं, मामांच्या कॉम्प्युटरवर टाकलं, आणि दुसरी प्रत ठेवायची राहिली. आजी 2009 ला गेली. आयटीत नोकरी करणाऱ्या माणसाने हे सांगावं, म्हणजे कठीणच आहे!

मामांनी एका दुकानात दाखवलं होतं. तो म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल. नशीब, मामांनी आधी मला विचारलं. शनिवारी बारामतीमार्गे कळस गाठलं.

तर भानगड अशी असते. कॉम्प्युटर चालू झाला की डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचतो, फक्त 512 बाइटचा. तो पुढचं पार्टिशन शोधतो आणि त्याचा बूट सेक्टर वाचतो. त्याच्या शेवटी 55 एए ही खूण नसेल, तर तिथेच गाडी अडते. बाकी सगळी डिस्क शाबूत असली तरी. आमच्याकडे हेच झालं होतं. चालू असताना लाईट गेली असावी बहुधा, गावाकडे हे नवीन नाही.

(पूर्वी याच जागेवर व्हायरस बसायचे. दर 6 मार्चला डिस्क खाणारा मायकेलअँजेलो त्यातलाच. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी त्याच्यावर उतारा काढला आणि पुढे क्विक हील उभं राहिलं. असो.)

डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली, तर विंडोज विचारतंय, फॉरमॅट करू का? मामींचा हात माउसवरच होता. मी जवळजवळ ओरडलोच. आधी लिनक्सवरून अख्ख्या डिस्कची प्रत काढली. दीड-दोन तास. तोवर पिठलं-भाकरी झाली, लाईट एकदा गेली, पण लॅपटॉपच्या बॅटरीने आणि मामांच्या इन्व्हर्टरने लाज राखली.

मग टेस्टडिस्क. बूट सेक्टर: बॅड. बॅकअप बूट सेक्टर: ओके. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटी ठेवते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. प्रत्यक्षात गरज पहिल्यांदाच पडली. ती प्रत जागेवर लिहिली. काम दोन सेकंदांचं.

एक्सपीचा तो ओळखीचा सूर वाजला. फाइल सापडली. जात्याची घरघर, मग आजी. तिसऱ्या ओवीला ती थांबते आणि म्हणते, "बास की आता, पीठ सांडतंय."

मामा उठून गोठ्याकडे गेले. मी तीन पेनड्राइव्हवर कॉपी लावली.