टाकीचा हिशेब आणि नागपूरचा रस्ता

दसरा महिन्यावर आला की कोडोलीतली तरुण मंडळी विहाराच्या पायरीवर बसून एकच विषय काढतात : "यंदा नागपूरला गाडीवरनंच जायचं." गाडी म्हणजे मोटरसायकल. आमच्या आधीची पिढी दीक्षाभूमीला ट्रकने गेली, एस.टी.ने गेली, कोल्हापूरहून गोंदियाला जाणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये दाटीवाटीने उभी राहून गेली. आता हप्त्यावर का होईना, बहुतेक घरांत दुचाकी आली आहे. पोरांना हौस आहे आणि त्या हौसेला माझा विरोध नाही. फक्त लहान मूल बरोबर असेल त्याने रेल्वेनेच जावे, असे मी दरवर्षी सांगतो. दरवर्षी कुणीतरी ते ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी.

मग पेट्रोलचा विषय निघतो आणि दोन मिनिटांत मिटतोही. "पंप काय, जागोजागी हाईत की!" वाठारला हायवे ओलांडून हातकणंगले, सांगली, मिरज, पुढे सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा आणि मग नागपूर. आठशे किलोमीटरच्या वर रस्ता. पंप जागोजागी आहेत हे खरेच आहे. पण रात्री अकरा वाजता त्यातला कोणता उघडा असेल, आणि त्या वेळी आपल्या खिशात किती उरले असतील, हे कुणी विचारत नाही. ज्याच्या खिशात कमी असते तो तर मुळीच विचारत नाही.

मी कारकून माणूस, आकड्यांत रमणारा. बी.कॉम.ला हिशेबशास्त्रात एक तत्त्व शिकवतात : होऊ घातलेला नफा आधी धरायचा नाही, होऊ शकणारा तोटा मात्र आधी धरायचा. परीक्षेनंतर ते फारसे कुठे कामाला आले नाही, पण पेट्रोलच्या टाकीला ते तंतोतंत लागू पडते. गाडी घेताना शोरूममधला माणूस सांगतो ते ॲव्हरेज म्हणजे होऊ घातलेला नफा. एकटा माणूस, सपाट रस्ता, बेताचा वेग, टायरमध्ये बरोबर हवा. आपण जातो ते मागे बायको, तिच्या मांडीवर पिशवी, टाकीवर दुसरी पिशवी आणि समोरून वारा, असे. त्या गाडीचे ॲव्हरेज निराळे.

ते काढायची रीत सोपी आहे. टाकी फुल्ल करायची आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहायचा. दोघे बसून, सामान घेऊन, ज्या वेगाने आपण खरोखर जाणार त्याच वेगाने दीडशे-दोनशे किलोमीटर फिरायचे. परत फुल्ल करायची आणि किती लिटर बसले ते लिहायचे. किलोमीटरला लिटरने भागले की झाले. दोन्ही वेळा गाडी मधल्या स्टँडवर उभी असावी, कारण बाजूच्या स्टँडवर कललेल्या टाकीत कमी बसते आणि हिशेब चुकतो. असे तीनदा करावे आणि तिन्हींची सरासरी न काढता सर्वांत वाईट आकडा धरावा.

समजा, तो ४५ आला. टाकी ९.८ लिटरची. त्यातले दीड लिटर राखीव म्हणून बाजूला काढा. राहिले ८.३. गुणिले ४५, म्हणजे ३७३ किलोमीटर. हा आकडाही शेवटचा नव्हे. मी त्याचे दोन तृतीयांश धरतो, म्हणजे अडीचशेच्या आत पुढचा पंप गाठायचाच. पोरे हसतात. हसू देत.

पूर्वीच्या गाड्यांना कॉक असायचा. गाडी आचके द्यायला लागली की खाली हात घालून कॉक रिझर्व्हला फिरवायचा आणि त्या घटकेपासून मोजायला सुरुवात करायची. हिरो होंडाची त्या काळची जाहिरात होती : फिल इट, शट इट, फर्गेट इट. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. जाहिरात बहारदार होती, पण विसरलेल्या माणसाला आठवण करून द्यायला खाली कॉक होता म्हणून ती चालून गेली. एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ च्या गाड्या आल्या, कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आले आणि बहुतेक गाड्यांचा कॉक गेला. आता काटा असतो किंवा दिवा लुकलुकतो. काट्यावर पूर्ण भरवसा नको. चढावर तो एक सांगतो, उतारावर दुसरे. शिवाय इंजेक्शनच्या गाडीत विजेवर चालणारा पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवते. टाकी वारंवार कोरडी होईपर्यंत गाडी ओढली तर तो पंप जातो. दोनशे रुपयांचे पेट्रोल वाचवायला जाऊन दोन-तीन दिवसांची मजुरी गॅरेजवाल्याला द्यायची पाळी.

इथेनॉलचाही हिशेब धरावा लागतो. आपल्याच शिवारातला ऊस कारखान्यात जातो आणि त्यातून निघालेले इथेनॉल पेट्रोलमधून आपल्याच टाकीत परत येते. २०२५ पर्यंत हे मिश्रण वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या धाटणीच्या दुचाकींचे ॲव्हरेज यामुळे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे. म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी वहीत लिहिलेला आकडा आज चालणार नाही, नवा काढा. आणि जुनी गाडी असेल तर टाकीखालची रबरी नळी एकदा मेस्त्रीला दाखवा.

महाडला किंवा बाबासाहेबांच्या मूळ गावी, आंबडव्याला जाणारे बांबवडे-मलकापूर करत आंबा घाटाने कोकणात उतरतात. घाटात पेट्रोल वाचवण्याची एक घातक पद्धत आपल्याकडे फार आहे : उतार लागला की इंजिन बंद आणि गाडी सोडून द्यायची. असे केल्यावर गाडी धरून ठेवायला इंजिन उरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकडेनासे होतात. मागे बायको बसलेली असते. इंजेक्शनच्या गाडीत तर ही काटकसरसुद्धा नव्हे. गिअरमध्ये ठेवून मूठ सोडली की उतारावर पेट्रोलचा पुरवठा बहुधा आपोआप थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल पीत राहते. वाचवायचे असेल तर वेग कमी ठेवा. पन्नाशीने जाणारी गाडी आणि ऐंशीने जाणारी गाडी यांच्या ॲव्हरेजमध्ये जो फरक पडतो, तेवढा फरक कोणत्याही युक्तीने पडत नाही.

बाटलीत पेट्रोल घेऊन कपड्यांच्या पिशवीत ठेवायचे, हेही कृपा करून नको. उन्हात बाटली फुगते, वाफ बाहेर येते आणि शेजारी कुणीतरी बिडी पेटवत असतो. मनालीहून लेहला जाणाऱ्या रस्त्यावर तांडी येथे पंपापाशी एक पाटी प्रसिद्ध आहे : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तिथे जाणारे हौशी लोक मोठमोठ्या गाड्यांना लोखंडी डबे बांधून नेतात. गंमत अशी की लिटरला तीस देणाऱ्या आणि तेरा लिटरची टाकी असणाऱ्या भारी गाडीला तो टप्पा जेमतेम, आणि आपल्या शंभर सीसीला त्या मानाने सोपा. आपल्या रस्त्यावर असला टप्पाच नाही. मग बाटली कशासाठी?

आता मुख्य गोष्ट. घोळक्याने जाताना टाकी आपल्या एकट्याची राहत नाही. दहा गाड्यांत एक स्कूटर असते, तिची टाकी पाच लिटरच्या थोडी वर. दोघे बसून तिला लिटरला चाळीस मिळाले, तर दीडशे किलोमीटरवर तिला थांबावेच लागते. म्हणजे सगळ्यांनीच दीडशेवर थांबायचे. हे पोरांना पटते. पण सगळ्यांत लहान टाकी स्कूटरची नसते, ती एखाद्याच्या खिशाची असते.

काही वर्षांपूर्वी तुळजापूरच्या पुढे आम्ही पंपावर थांबलो. वही माझ्याकडे होती. प्रत्येक जण "फुल्ल" म्हणत होता. शिरोलीच्या फौंड्रीत काम करणारा एक पोरगा, मागे बायको, तो हळूच म्हणाला, "दीडशेचं." दीडशेचे म्हणजे दीड लिटरही नाही, साठ-पासष्ट किलोमीटर. मी त्याला बाजूला घेऊन विचारले, "टाकीत आधीचं किती आहे रे?"

"असंल की दादा. पुढं टाकतो."

"पुढं कुठं?"

"पुढं. लातूरला."

लातूरलाही तो तेच म्हणाला असता. परतीचे पैसे त्याने वेगळे बांधून ठेवले होते आणि त्यांना हात लावायचा नाही म्हणून तो दीड-दीडशेवर जात होता. २०२१ मध्ये आपल्याकडे पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली, तेव्हापासून असे "पुढं टाकतो" म्हणणारे वाढले आहेत. ते गाडीत बिघाड झाल्याचे सांगून मागे राहतात, पण पैसे नाहीत असे म्हणत नाहीत. रात्री बाराला उमरखेड-महागावच्या पट्ट्यात, अनोळखी मुलखात, बायकोला चालवत गाडी ढकलण्याची वेळ आली तरी म्हणणार नाहीत. तो स्वाभिमान आहे, त्याला नावे ठेवायची नाहीत. व्यवस्था मात्र अशी हवी की तो दाखवायची वेळच येऊ नये.

त्यानंतर आम्ही पेट्रोलचा डबा एक केला. निघण्यापूर्वी तीन महिने माणशी थोडी थोडी वर्गणी. रस्त्यात प्रत्येक थांब्यावर सगळ्या गाड्या फुल्ल, कुणाला विचारायचे नाही, पैसे खजिनदार एकदम देणार. भागाकार गाडीवर नाही, डोक्यावर. म्हणजे एकटा येणाऱ्या भारी गाडीवाल्यालाही आपला वाटा तेवढाच पडतो. तो थोडी कुरकुर करतो की आपलीच गाडी जास्त पिते म्हणून लोक बोलतील. त्याने आपणहून थोडे जास्त घालावे, असा तोडगा निघाला आहे आणि तो बरा चालतो.

खजिनदाराजवळ निम्मी रक्कम रोख असावी; मोबाईलला रेंज नसली की पंपावर तो नुसता शोभेचा. मापाची शंका आली तर पंपावर पाच लिटरचे शिक्क्याचे माप असते, ते मागावे. मागणे हा आपला हक्क आहे. नागपूरच्या अलीकडे वर्ध्यालाच टाक्या भरून घ्याव्यात, कारण त्या दिवशी शहरातल्या पंपांवर रांगा लागतात. येताना कुणी "समृद्धीवरनं जाऊया" म्हणेल. त्या महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही तेच, म्हणून ६ डिसेंबरला जाणाऱ्यांनी खंडाळ्याचा जुना रस्ता धरून हिशेब करावा.

परत आल्यानंतरच्या रविवारी वही विहारात सगळ्यांसमोर वाचली जाते : कोणत्या पंपावर किती लिटर, किती रुपये, कोणत्या गाडीला किती. उरलेली रक्कम त्याच दिवशी डोक्यावर भागून परत दिली जाते. गेल्या खेपेला माणशी अठ्ठावीस रुपये आले.