होडी वर काढायची तर उधाण हवं

उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवणाऱ्याला 'दर्या' हा शब्द दरवर्षी फळ्यावर फोडून सांगावा लागतो. उर्दूत दरिया म्हणजे नदी. आमच्या दालदी घरांत आणि सगळ्या मराठीत दर्या म्हणजे समुद्र. फारसीत त्याचा अर्थ समुद्र असाच आहे. उत्तरेत जाऊन शब्द गोड्या पाण्यात उतरला, आमच्याकडे मात्र खाऱ्यातच राहिला. नाखवाही तसाच. फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. बंदर, खलाशी, लंगर हे सगळे त्याच गलबतातून आलेले. तुम्ही लोक घरी मराठी बोलता का, असं मला अजूनही कुणी कुणी विचारतं. विचारणाऱ्याच्या बोलण्यात असले पाच-सहा शब्द सहज सापडतात. मी ते दाखवत बसत नाही.

'मान्सून'ची गंमत आणखी वेगळी. अरबीत मौसिम म्हणजे ठरलेली वेळ, मोसम. पोर्तुगीजांच्या तोंडून तो इंग्रजीत गेला आणि मान्सून होऊन आपल्याकडे परत आला. अरबी दर्यावर्द्यांना मौसिम म्हणजे जहाज हाकारायची वेळ. आमच्या भाट्याच्या खाडीत मान्सून म्हणजे होडी पाण्याबाहेर काढायची वेळ.

सरकारी हिशेबाने मोसम ३१ मेला संपतो. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक होड्यांना बंदी. हा माशांच्या प्रजननाचा काळ, आणि दर्याही तेव्हा कुणाला आत येऊ देत नाही. नारळी पौर्णिमेचा नारळ आमच्या घरातून पडत नाही, आमच्याकडे होडीवर फातिहा होते. पण "पुनवेनंतर बघू" हे वाक्य मी लहानपणापासून मामूंच्या तोंडून ऐकत आलोय.

होडी मात्र ३१ तारीख बघून वर येत नाही, ती चंद्र बघून येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, पाणी सगळ्यात वर चढतं. मधल्या अष्टमी-नवमीला भांग, तेव्हा भरती अर्ध्यातच दमते. भांगात होडी ओढायची तर तेवढा चिखल जास्त आणि माणसांच्या कमरेचा सत्यानाश. हिजरी महिना चंद्राचाच असल्यामुळे आमचे म्हातारे तारीख सांगितली की पाणी सांगतात. रमजान ईदला चंद्र नुकताच दिसलेला असतो, म्हणजे उधाण. बकरी ईद दहा तारखेची, म्हणजे भांग सरत आलेलं. मुलांना भूगोलात भरती-ओहोटीची आकृती काढताना जे अवघड जातं, ते मामूंना आकृतीशिवाय येतं. ते सातवीपर्यंत शिकले.

२०२५ साली हे सगळं गणित पावसानं मोडलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच समुद्रात जाऊ नका असे इशारे सुरू झाले. अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा २४ मेला रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्याला लागला. त्याच दिवशी मान्सून केरळात पोहोचला आणि २६ तारखेला मुंबईत, जिथे तो एरवी ११ जूनला येतो. मोसमाचे शेवटचे दिवस, खलाशी ज्यांच्या भरवशावर असतात ते, कागदावर राहिले आणि पाण्यातून गेले. "दर्या तारीख वाचत नाय," मामू म्हणाले.

२७ मेची अमावास्या गाठायची ठरलं. उधाणाची भरती आमच्याकडे दुपारी बाराच्या आसपास भरते. त्याआधीच इंजिन सोडवून पडवीत आणलं होतं, जाळी धुतली होती, बर्फाचा कप्पा घासला होता. पावसात जाळी वाळणार कशी हा प्रश्न होताच. ती घरातल्या वाशांना टांगली आणि मामीनं पंधरा दिवस वासाबद्दल ऐकवलं. ओंडके टाकले, दोर बांधला. हल्ली बऱ्याच ठिकाणी क्रेन बोलावतात, पण आमच्या गल्लीत क्रेन शिरत नाही. शेजारच्या आळीतले चौदा-पंधरा जण आले, त्यांत दोन मुलं माझ्याच वर्गातली. जोहरची अजान झाली तेव्हा होडीचा नाळीकडचा भाग माडाखाली आला होता.

होडी पाण्याबाहेर आली की तिचं खरं वय दिसतं. बुडाला शिंपल्यांचा जाड थर, तो खरवडायचा. लाकूड पोखरणारा किडा कुठे शिरलाय ते ठोकून ऐकायचं. फटीत कापूस आणि राळ भरायची, काजूच्या टरफलांचं तेल पाजायचं. सगळ्यात शेवटी झावळ्यांचे झाप आणि त्यांवर प्लास्टिक घालून शाकारायचं, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी फट ठेवून. पूर्ण बंद केली तर लाकूड आतून कुजतं.

संध्याकाळी हिशेब. डिझेल, बर्फ आणि रेशन वजा करून जे उरतं त्याचे वाटे पडतात. होडी, इंजिन आणि जाळं यांचे मालकाला, बाकीचे खलाशांना. वाटे लहान होते आणि ईद अकरा दिवसांवर. तरी त्याबद्दल कुणी फार बोललं नाही. खरा विषय होता उचल. पुढच्या मोसमाला खलाशी परत यावा म्हणून मालक आत्ताच पैसे हातावर ठेवतो. उचल दिली म्हणजे ऑगस्टमध्ये होडी पाण्यात जाणार. नाही दिली, तर लाकडाचा भाव विचारायला लोक येणार. मामूंची दोन्ही मुलं कुवेतला आहेत. थोरल्यानं फोनवर तेच सांगितलं, विकून टाका, आता कशाला. मामूंनी फोन माझ्याकडे दिला आणि वहीत डोकं घातलं.

खलाशी चार होते. मामूंनी दोघांना उचल दिली, उरलेल्या दोघांना म्हणाले, जुलैत फोन करा. मग मामीला म्हणाले, राळ जरा जास्तच आणूया.